रिकाम्या ड्रममधली तडतड

मित्रांनो, मी ड्रम आहे, पण वाजवायचा नव्हे, भाजायचा. जाड पत्र्याचा, आडवा, मधून लोखंडी कणा गेलेला. एका तोंडाला झडप, दुसऱ्या टोकाला फिरवायचा दांडा. माझी पाठ काळी आहे आणि पोट त्याहून काळं. वय विचारू नका. भोरच्या ज्या लोहारानं मला घडवलं, त्याच्या नातवाचं आता मोबाईलचं दुकान आहे, एवढ्यावरून काय ते समजा.

एका जागी राहून गोल फिरायचं, हे माझं काम. अशा कामात माणसं फार बारकाईनं बघायला मिळतात. कोण खरंच चव घेतं आणि कोण नुसती मान डोलावतं, याची टिपणं माझ्याजवळ पक्की आहेत. फक्त एका गोष्टीचा मेळ मला अजून लागलेला नाही. तीच आज सांगायची आहे.

माझे पहिले धनी चिमाजी. किकवीत त्यांची फुटाण्याची भट्टी होती. हरभरा भाजताना ते माझ्याकडे बघत नसत, ऐकत असत. हरभरा आधी गप्प असतो. मग एखादा फुटतो, मग चार, मग सगळे एकदम. सगळा गलका होऊन गेला आणि पुन्हा एकेकटा दाणा बोलू लागला, की ते झडप उघडत. डावा पाय पुढं, मान डाव्या खांद्याकडं कललेली, आणि झडप उघडण्याआधी लोखंडी सळईनं माझ्या कण्यावर तीन टकटक. शेवटच्या चार वर्षांत त्यांची नजर गेली होती. गिऱ्हाइकांना ते कळलंसुद्धा नाही, कारण फुटाणे तसेच उतरत होते.

त्यांचा एक नेम होता. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात ना, तसा रिकामा ड्रम फिरवू नये. सकाळी जाळ लावायचा, आधी मूठभर हरभरा आत टाकायचा आणि मगच दांड्याला हात घालायचा. संध्याकाळी काम आटोपलं, तरी एक मूठ माझ्या पोटात राहू द्यायची. मी उपाशी झोपलो, असं एकदाही झालं नाही.

चिमाजी भोरच्या दवाखान्यात वारले. त्यांच्या पत्नी चंद्राबाई यांनी मला परसात ताडपत्रीखाली ठेवलं. तिथं मी अकरा पावसाळे काढले. सोबतीला शेवटच्या दिवशीची ती मूठ होती. कोंबड्या माझ्या अंगावर बसत, पण झडपेतून चोच मात्र आत घालत नसत. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

मग स्वरूप आला. तिशीतला, मूळचा भोंगवलीचा, दहा वर्षं पुण्यात राहून गावाकडं परतलेला. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, स्नेहलनं, शिवऱ्याला हायवेच्या कडेला पत्र्याचं शेड घेतलं होतं. तिथं त्यांना कॉफी भाजायची होती. नवी यंत्रं त्याला पसंत नव्हती. चंद्राबाईंनी मला टेम्पोत चढवून दिलं आणि जाताना फक्त एवढंच म्हणाल्या, की बाजाराच्या दिवशी अधूनमधून बघायला येईन.

शेडात आल्यावर स्वरूपनं मला खरवडून धुतलं. अकरा वर्षांची ती मूठ त्यानं बाहेर सर्व्हिस रोडच्या कडेला फेकली. तिथं कबुतरांची कमी नाही. तरी ते दाणे आठ दिवस तसेच पडून होते.

आता कॉफीचं सांगतो. कच्चं बी हिरवट असतं, त्याला ओल्या गवताचा वास येतो. तापलं की पिवळं होतं आणि शेडात भाकरी शेकल्याचा वास सुटतो. मग ते फुटतं. हरभऱ्याहून जरा कोरडं, सुकी काटकी मोडावी तसं. त्या फुटण्यानंतर मिनिटभराचा खेळ. आधी काढलं तर कॉफी गवताळ, उशीर झाला तर नुसता कोळसा. त्या मिनिटातच सगळा गोडवा असतो. स्वरूपही तो कानानं पकडायचा. मला बरं वाटलं. धनी बदलला तरी रीत तीच राहिली.

चव बघायला पुण्याहून माणसं येत. ती चमच्यातून कॉफी सुर्रकन ओढत. मित्रांनो, ज्या आवाजाबद्दल तुम्ही घरी टपली खाता, तोच आवाज ही माणसं वर्गाला जाऊन शिकलेली असतात. पिशवीवर चव म्हणून ‘करवंद’ छापलेलं असलं, की दहातल्या नऊ जणांना करवंद लागे. दहावा चष्मा विसरून आलेला असे.

शेजारच्या पंक्चरवाल्या कुंडलिकला हे सगळं बघून नवल वाटायचं. एवढं कडू प्यायला हे लोक पुण्याहून येतात, यांच्या घरी साखर मिळत नाही का, असं तो विचारायचा. एकदा स्वरूपनं त्याच्या हातात कप दिला आणि निवेपर्यंत थांबायला लावलं. कुंडलिकनं घोट घेतला आणि कपात पुन्हा डोकावून बघितलं. मग म्हणाला, रानात करवंदीच्या जाळीत हात घातल्यागत वाटलं. त्यानं पिशवी वाचलेली नव्हती. माझ्या टिपणात खरा चाखणारा म्हणून त्याचं नाव पहिलं आहे.

स्वरूपचा मित्र सोमनाथ पुण्याच्या एका कारखान्यात बिअर बनवतो. बिअर म्हणजे काय ते तुम्हाला मोठेपणी कळेल, घाई नको. तो वेल्ह्याची नाचणी घ्यायचा, तिला मोड आणायचा, वाळवायचा आणि भाजायला माझ्याकडे आणायचा. भाकरीच्या पापुद्र्याला जो जरासा करपट गोडवा असतो, तोच त्याला पेल्यात हवा होता. चंद्राबाईंनी एकदा वास घेऊन विचारलं, “भाकरी करपवाया शिकायला कालिजात गेला व्हता का ह्यो?” सोमनाथनं ते आनंदानं मान्य केलं.

स्वरूप आणि सोमनाथ या दोघांना बांधणारी तिसरी वस्तू म्हणजे त्यांचं संगीत. हार्डकोर पंक म्हणतात त्याला. गाणं सुरू झालं म्हणेपर्यंत संपतं. गाणारा गात नाही, भांडतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हायवेवर काहीतरी उलटलं. पण महिनाभर ऐकल्यावर त्यातली शिस्त कळली. हरभऱ्यासारखंच आहे ते. आधी दाब, मग एकदम फुटणं, आणि संपल्यावर सगळं हलकं. ऐकणारे एकमेकांना धक्के देत नाचतात, पण कोणी पडला तर बाकीचे आधी त्याला उठवतात. एवढं सगळ्याच गर्दीत पाळलं जात नाही.

पुण्यात दहा वर्षं स्वरूप अशाच एका बँडमध्ये गिटार वाजवायचा आणि मोठा स्पीकर कायम त्याच्या डाव्या हाताला असायचा. डावा कान संपला होता. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, की उजवा जपा. पुन्हा तसा मार बसला तर तोही जाईल. उजवा कान राहिला तर कॉफी राहणार, गाणी राहणार, बायकोचा आवाज राहणार. हे नवराबायको दोघांनाही माहीत होतं. स्नेहल त्याच्या उजव्या बाजूनंच बोलायची.

आता ती गोष्ट. कॉफी टाकण्याआधी स्वरूप मला रिकामाच तापवायचा आणि रिकामाच फिरवायचा. पहिल्याच दिवशी तो दचकून थांबला. माझ्या पोटात काहीतरी फुटतंय, असं तो म्हणाला. स्नेहलला काही ऐकू आलं नाही. मी निवल्यावर तिनं कोपरापर्यंत हात घालून बघितलं. काही नव्हतं. मित्रांनो, माझं पोट माझं आहे. मी शपथेवर सांगतो, काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या वेळी स्वरूपनं उजव्या कानात बोट घातलं. तडतड थांबली नाही, उलट स्पष्ट झाली. ती डाव्या कानात येत होती. जो कान संपला होता, त्यात. त्या दिवसानंतर तो याबद्दल बोलला नाही, पण मला फिरवताना उजव्या कानात बोट घालायला लागला.

बाजाराच्या दिवशी चंद्राबाई आल्या. मला रिकामा फिरताना बघून दारातच थांबल्या.

“रिकामाच फिरवतूस व्हय रं?”

“तापवतोय आजी. आधी तापवला नाही तर बी वरून करपतं, आत कच्चं राहतं.”

“मूठभर कायतरी टाक की त्यात.”

“त्याचा धूर कॉफीला लागतो.”

“मंग आत भाजतंय कोन?”

म्हातारी थट्टेनं बोलली होती. स्वरूपचा चेहरा मात्र उतरला. चंद्राबाईंनी तो बघितला, मग त्याचे पाय बघितले. डावा पुढं होता. मान डावीकडं कलली होती. कोणी न शिकवता त्यानं सळई उचलली आणि माझ्या कण्यावर तीनदा टकटक केली. चंद्राबाई त्या दिवशी चहा न घेताच वडापच्या जीपनं परत गेल्या.

पुढच्या महिन्यात बँडच्या चौघांनी पुन्हा जमायचं ठरलं. एकदाच, आमच्या शेडात, रविवारी दुपारी. बिअर पुण्यातच राहिली. परवानगीचा प्रश्न होता. इथं फक्त कॉफी. स्नेहलनं साफ विरोध केला. स्वरूप म्हणाला, दोन्ही कानांत बोळे घालीन, पाच गाणी वाजवीन आणि मग गिटार विकून टाकीन. ती म्हणाली, “स्वरूप, माझा आवाज तुला नकोसा झालाय का?” तो हसला आणि तिच्या हातात बोळ्यांची डबी दिली. मग तिनंच ते त्याच्या कानांत बसवले.

साठेक माणसं आली. पहिली तीन गाणी झकास झाली. एक मुलगा पडला, त्याला चौघांनी उचललं. कुंडलिकनं दारात उभं राहून ताल धरला. मी कोपऱ्यात थंड होतो. जाळ नाही, कणा स्थिर, दांड्याला हात नाही.

चौथ्या गाण्यात स्वरूपची नजर माझ्याकडं वळली आणि तिथंच अडकली. दोन्ही कान बंद होते, म्हणून त्याला बाहेरचं फारसं पोचत नव्हतं. जे पोचत होतं ते वेगळं होतं. तडतड, आणि आता नुसतं एकेकटं फुटणं नव्हे, सगळा गलका. हे त्यानं नंतर स्नेहलला सांगितलं. मी न फिरताच ती येत होती. ती झाकायला दुसरा कसला तरी आवाज हवा होता. त्यानं उजवा बोळा उपटून फेकला आणि स्पीकरजवळ जाऊन उभा राहिला. स्नेहल गर्दीतून त्याच्यापर्यंत पोचली तेव्हा गाणं संपलं होतं. तसली गाणी लवकर संपतात.

त्या दुपारनंतर स्वरूपला काही ऐकू आलं नाही. औषधं झाली, पुण्याच्या फेऱ्या झाल्या. स्नेहल मोबाईलवर लिहून दाखवायची, तो मान हलवायचा. मागून ट्रकनं हॉर्न दिला तरी तो वळत नसे. तिनं माझ्या अंगाला तापमान दाखवणारा काटा बसवून घेतला, म्हणजे त्याला बघून तरी भाजता येईल.

तो काट्याकडं बघायचाच नाही. मला रिकामा फिरवायचा, डोळे मिटायचा, मान कलवायचा. मग बी टाकायचा. आणि ज्या क्षणी माझ्या पोटात बी फुटून गप्प व्हायला लागे, बरोबर त्याच क्षणी सळईचे तीन ठोके माझ्या कण्यावर पडत. एकदाही चूक नाही. पुण्याहून चाखायला आलेले म्हणाले, इतकी गोड कॉफी इथं आधी कधी मिळाली नव्हती. या वेळी ते खरं बोलत होते. स्नेहलनं मात्र कप तोंडाला लावला नाही.

बाजाराच्या दिवशी चंद्राबाई पुन्हा आल्या. घडलेलं त्यांना कळलं होतं. येताना भाकरी आणि वांग्याची भाजी बांधून आणली होती. स्वरूप माझ्यासमोर पाठमोरा उभा होता. स्नेहलनं त्याला जेवायला बोलवायचं म्हणून सवयीनं मोठ्यानं हाक मारली, “स्वरूप!” तो हलला नाही. ती पुन्हा ओरडली आणि मग तोंडावर हात ठेवून उभी राहिली.

चंद्राबाई किती तरी वेळ त्याच्या पाठीकडं बघत होत्या. मग त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. त्यांच्या पिढीत बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तसंच नाव न घेता, चुलीपाशी बसून बोलावं इतक्या हळू आवाजात म्हणाल्या,

“अवं, हात धुवा. भाकरी सोडलीया म्या.”

स्वरूप वळला. सळई खाली ठेवली, अंगातला शर्ट झटकला आणि मोरीकडं हात धुवायला गेला. ओठ वाचले म्हणावं, तर पाठ त्यांच्याकडं होती.

मित्रांनो, कानांना आवाज आवडतो म्हणून त्यांना हवा तेवढा मार सोसवतो, असं समजू नका. दणक्यात ऐका, नाचा, पडलेल्याला उठवा, पण स्पीकरपासून लांब उभे राहा. आणि कान गेलेलं कोणी तुमच्या घरात असेल, तर मागून हाका मारत बसू नका. समोर जा, त्याच्या डोळ्यांसमोर उभे राहा, त्याचं नाव घ्या. घेत राहा. स्नेहल आता रोज सकाळी तेच करते. त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरते आणि ओठ मोठे करून म्हणते, स्वरूप. बहुतेक दिवशी तो तिच्याकडं बघून हसतो.

काही दिवशी मात्र, ती बाई कोण आहे, हे आठवायला त्याला थोडा वेळ लागतो.