पश्चिमेच्या भिंतीचा ओळंबा

वजन पावशेर, आकार भोवऱ्यासारखा, धातू पितळ. मित्रांनो, एवढ्यावरून तुम्ही मला भोवरा समजाल; पण मी फिरू लागलो तर माझे काम बिघडते. मी एक जुना ओळंबा आहे. दोरीला स्थिर लटकायचे आणि भिंत सरळ आहे की कलली आहे ते दाखवायचे, हा माझा जन्माचा धंदा.

१९५१ साली अमरावतीच्या एका ओताऱ्याने मला घडवले. गयासुद्दीन मिस्त्रींनी मला विकत घेतले ते त्याच्याच दुकानाच्या चौकटीला लावून पाहून.

"चौकट वाकडी आहे तुमची," ते म्हणाले.

"मंग माल खरा आहे. घेऊन जा," ओतारी हसला.

मिस्त्री अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत इमारतींची देखभाल करत. कौले, गटारे, दारांच्या बिजागऱ्या, विहिरीचा रहाट, सारे त्यांच्याकडे. दर महिन्याच्या एक तारखेला ते मला खिशात घालून निघत. शिडीवर चढून माझ्या जाडीएवढा, मधोमध दोरी ओवलेला लाकडी ठोकळा भिंतीला वर टेकवत आणि मला खाली सोडत. मी भिंतीला जेमतेम शिवलो, की भिंत सरळ. मिस्त्री तिथे पेन्सिलीने तारीख टाकत आणि पुढच्या भिंतीकडे जात. पहिल्या सहा वर्षांत त्यांनी एक तारीख चुकवली नाही.

अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. शाळेच्या मोठ्या हॉलच्या पश्चिमेच्या दारांना वाळ्याच्या ताट्या लावत आणि शाळेच्या सेविका पार्वताबाई दिवसभर बाहेरून त्यांच्यावर पाणी मारत. ताट्यांतून गळलेले पाणी नालीने दूर जाई. १९५६ साली मिस्त्रींना ते वाया जाणारे पाणी पाहवेना. त्यांनी नाली बुजवली, भिंतीच्या पायथ्याशी मातीचा बांध घातला आणि मेंदीचे कुंपण लावले. एकाच पाण्यात दोन कामे झाली. शाळेचे चिटणीस वामनराव वकील यांनी स्नेहसंमेलनात त्यांना हार घातला. त्या दिवशी मीही मिस्त्रींच्या खिशात होतो आणि, खरे सांगतो, फुललो होतो.

पुढच्या वर्षी एक एप्रिलला मिस्त्रींनी मला हॉलच्या आत, पश्चिमेच्या भिंतीवर सोडले. मी भिंतीला शिवलो नाही. मिस्त्रींनी मला हाताने थांबवले, पुन्हा सोडले. मी पुन्हा दूरच राहिलो. भिंतीचा माथा आत झुकला होता. कोपऱ्यात केसाएवढी भेगही होती. मिस्त्रींनी भेगेवर काचेची एक पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोके चुन्याने पक्की केली. भेग जुनी आणि निजलेली असेल, तर काच टिकते. तिसऱ्या दिवशी काच तडकली.

मिस्त्री बाहेर धावले. मेंदी हिरवीगार होती. त्यांनी पायथ्याशी पहार घातली, ती लोण्यात जावी तशी गेली. काळी माती पाणी पिऊन बाहेरच्या अंगाने फुगली होती आणि पाया त्या बाजूने उचलून भिंतीला आत झुकवत होती.

"बाई, इतकं पाणी काहून टाकून राहिली?"

"आता माह्यावर आलं का मिस्त्रीभाऊ?" पार्वताबाईंनी डबा खाली आपटला. "नाली कोनं बुजवली? मी का? हार कोनाच्या गळ्यात पडला?"

बांध फोडून मिस्त्री थेट वामनरावांकडे गेले. दोन दिवसांनी त्या हॉलमध्ये एकशे ऐंशी मुलींची वार्षिक परीक्षा होती.

"हॉल बंद करावा लागते, वकीलसाहेब."

"बाहेर पारा एकशे बारा फॅरनहाइटवर गेला आहे, मिस्त्री! मुली भाजून निघतील. चार दिवसांची परीक्षा होऊ द्या, मग पाहू."

"भिंत चार दिवस थांबते का नाही, मले सांगता येत नाही."

"पण हे झालं कशानं?"

मिस्त्रींना जुन्या पायाला दोष देता आला असता. पाया घालणारा केव्हाच वारला होता.

"माह्या बांधानं," ते म्हणाले. "तुमी हार घातला ना, त्याच बांधानं."

वामनराव लाल झाले. "म्हणजे माझीही शोभा! लोकांना काय सांगू? हे पाहा, परवा सकाळी हॉल उघडा, नाहीतर दुसरी नोकरी बघा."

"नोकरी आजच घ्या. हॉलची चाबी परीक्षेनंतर देईन."

अशी उत्तरे ऐकायची वामनरावांना सवय नव्हती. ते तरातरा हॉलमध्ये आले. मिस्त्रींनी शिडी लावली आणि मला सोडले. मित्रांनो, मला बोलता येत नाही. मी फक्त स्थिर राहू शकतो. त्या दिवशी मी जितका स्थिर राहिलो तितका आयुष्यात कधी राहिलो नसेन. वामनराव वाकले. माझ्या आणि भिंतीच्या मध्ये त्यांनी एक बोट घातले. ते गेले. शेजारी दुसरे घातले. तेही गेले. मग त्यांनी परीक्षेसाठी रांगेने मांडलेल्या बाकांकडे पाहिले.

"परीक्षा सकाळी साडेसहाला, ओसरीत आणि कडुलिंबाखाली," ते म्हणाले. "नोकरीचं मी बोललोच नाही असं समजा."

मुलींनी परीक्षा दिली. मे महिन्यात भिंत उतरवायला घेतली, तर विटा सुटता सुटेनात. "मिस्त्री, पडनारी भिंत अशी असते का?" मजूर घाम पुसत टोमणा मारत. भिंत पडली असती की नाही, हे आता कोणालाच कळणार नव्हते. मिस्त्रींनी वाद घातला नाही. त्यांनी पाया नव्याने घातला, नाली पुन्हा खणली आणि एक तारखेला मला खिशात घालून निघाले.

१९६६ साली ते सेवानिवृत्त झाले. तेव्हापासून मी शाळेच्या कोठीत एका फुटक्या बादलीत पडून आहे. माझी दोरी कुजली आहे. भिंती अजून उभ्या आहेत, म्हणून कोणाला माझी आठवण होत नाही. मला बाहेर काढा, असे मी म्हणत नाही. दुसरा ओळंबा चालेल, पण तारीख चुकवू नका. तुमच्या शाळेच्या भिंतीपाशी पाणी साचलेले दिसले, तर धावत जाऊन सांगा. आणि ते पाणी तुम्हीच साचवले असेल, तर सर्वांत आधी सांगा.