दानम्माची परतलेली पाळी

दानम्माची पाळी थांबून तीन वर्षं झाली होती. गुड्डापूरच्या देवीची जत्रा करून ती सोलापुरात परतली आणि त्याच आठवड्यात लुगड्याला डाग दिसला. आधी वाटलं, कुंकू सांडलं असेल. पण कुंकू काही रोज सांडत नाही.

थोरली जाऊ काशम्मा हिने डाग पाहताच हात जोडले. "देवीनं तरणं केलं गं तुला!" दुपारपर्यंत कसब्यातल्या निम्म्या बायका दानम्माचं तोंड बघून गेल्या. एकीने तर ओटीच भरली. नवरा रुद्रप्पा, भुसार दुकानात दिवसभर शब्द न काढणारा माणूस, संध्याकाळी मिशीला कलप लावून आला. मिशी काळी, डोकं पांढरं! हसावं की रडावं, दानम्माला कळेना.

कारण आतून ती पार घाबरली होती. अंगावरून जायचं थांबत नव्हतं. गेलेलं परत आलं म्हणजे कुठंतरी बिनसलं, एवढं तिला कळत होतं. तिने डॉक्टरीणबाईंचं नाव काढताच काशम्मा कडाडली, "देवीचा प्रसाद डॉक्टरनीला दाखवतीस व्हय?" रुद्रप्पा मिशीवरून हात फिरवत राहिला.

देवीपुढे कुणाचं चालत नाही म्हटल्यावर दानम्माने देवीलाच कामाला लावलं. सकाळी उठल्या उठल्या ती म्हणाली, "अक्का, देवी सपनात आली. लई रागावली हुती. म्हनली, हे मी दिलंच न्हाय, उगं माझ्या नावावर खपवू नका. आजच दवाखान्यात जा."

रुद्रप्पाने टांगा आणला.

डॉक्टरीणबाईंनी क्युरेटिंग करून, म्हणजे गर्भपिशवी आतून खरवडून, तुकडा तपासायला पाठवला आणि निकाल आल्यावर पिशवीच काढली. "कॅन्सर होता, पण पसरला नव्हता. पाळी जाऊन वर्ष उलटलं की एक थेंब दिसला तरी यायचं, दुखायची वाट बघायची नाही. वेळेत आलात." रुद्रप्पा भिंतीला टेकून हमसून हमसून रडला.

काशम्मा भाकरीचा डबा घेऊन दवाखान्यात आली आणि खाटेशी घुटमळली. सगळे बाहेर गेल्यावर ती हळूच वाकली.

"दाने, देवी माज्याबद्दल काय बोलली का गं?"

"का वो, अक्का?"

"मला बी अंगावरनं जातंय. दसऱ्यापासनं. आन मी तर जत्रंला गेलेच न्हवते."

टाके दुखत असतानाही दानम्माने जावेचा हात घट्ट धरला.

"बोलली की! म्हनली, काशम्माला आदी तपासायला न्हे. डॉक्टरीणबाई अजून हितंच हायेत."