कुणी काही सांगितलं नाही तर

रूहीनं सेटिंगच्या फाइलमधल्या सगळ्या ओळी एकदम पुसल्या आणि पान पुन्हा उघडलं. डिंगोऱ्याच्या सुनीलभाऊंच्या रोपवाटिकेची वेबसाइट होती. त्यांना नवे रंग, नवी अक्षरं हवी होती. जुनं काढलं की पान उघडंबोडकं दिसेल, असं तिनं धरलं होतं.

पान आलं ते नीट सजून आलं. सायीच्या रंगावर काळी ठसठशीत अक्षरं, नेहमीच्या दीडपट. रूहीचा हात माउसवरून आपोआप मागं आला. तिनं हे कुठंच लिहिलं नव्हतं.

एकेक फाइल उघडत ती तळाच्या फाइलपाशी पोचली. तिथं तिच्या भावानं, मोईजभाईनं, मांडून ठेवलेल्या ओळी होत्या. रंग, अक्षरांचा आकार, ओळींमधलं अंतर, प्रत्येकापुढं 'डिफॉल्ट'. म्हणजे सेटिंगमध्ये कुणी काही सांगितलं तर ते ऐकायचं. नाही सांगितलं तर हे. आजवर प्रत्येक गिऱ्हाइकानं आपापलं सांगितलं होतं. हे कुणाला दिसलंच नव्हतं.

मोईजभाई वारल्याला वर्ष होत आलं होतं. लग्नावरून अम्मीशी भांडून तो जुन्नर सोडून पुण्याला गेला, दोन वर्षं तिच्याशी बोलला नाही, आणि मग अपघाताचा फोन आला. त्याचा लॅपटॉप आणि गिऱ्हाइकं रूहीकडं आली. घरात त्याचं नाव कुणी काढत नसे.

"टोमॅटो... ढोबळी मिरची..."

रूही दचकली. जोहराबी मागं उभ्या होत्या.

"अम्मी, तुला वाचता येतंय?"

"लई दिवसांनी. कुणी केलं गं हे?"

रूहीनं फाइलची तारीख पाहिली. गेल्या वर्षीची चौदा नोव्हेंबर. तेराला ती अम्मीला नारायणगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेली होती. संध्याकाळी गच्चीवर जाऊन तिनं भावाला फोन केला होता, अम्मीला आता बारीक दिसत नाही म्हणून. तो नुसतं "बरं" म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. त्या एका शब्दाचा राग ती वर्षभर धरून बसली होती.

"मोईजभाईनं," ती म्हणाली.

जोहराबींनी मान वळवली नाही. खुर्ची ओढून त्या बसल्या, पदरानं डोळे पुसले आणि पडद्यावर बोट टेकलं.

"वांगी... झेंडू..."

फोन वाजला. सुनीलभाऊ.

"ताई, झालं का आमचं?"

"थोडं थांबा, भाऊ," रूही हळू आवाजात म्हणाली. "वाचून व्हायचंय अजून."

"कोण वाचतंय?"

जोहराबींचं बोट पुढच्या ओळीवर गेलं.