टोपलीवालीचे पाचशे गुण

मी बोलतेय, पण जरा हळू बोलेन. दमले आहे. मी एक सीडी. एका बाजूने चकचकीत, दुसऱ्या बाजूवर जाड काळ्या पेनाने खरडलेलं नाव : वेडी गाडी. मूळचा खेळ दूरदेशीच्या कुणी हुशार माणसांनी बनवला म्हणे. मी म्हणजे योग्याकार्ता शहरातल्या एका टपरीत, भज्यांसारखी एका घाण्यात वीस जणींबरोबर उतरलेली नक्कल.

माझ्या पोटात एक शहर आहे. तिथल्या गाड्यांना पुढे करवती, टपावर बंदुका. शर्यत जिंकायची, दुसऱ्याची गाडी फोडायची, आणि वाटेत माणूस आला तर उडवायचा. कुत्र्याचे पन्नास गुण, पोलिसाचे शंभर. सगळ्यांत जास्त, पाचशे, एका म्हातारीचे. ती टोपली घेऊन डावीकडच्या गल्लीतून निघते आणि रस्ता ओलांडते. अजिबात घाई करत नाही.

मला विकत आणलं बू तार्मींनी. बू म्हणजे आई; सगळी वस्ती त्यांना तसंच म्हणते. मेरापी डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं बांबूच्या भिंतींचं घर. पुढच्या खोलीत तीन टीव्ही, चार चटया, आणि तासाच्या भाड्याने खेळायला येणारी सगळी वस्ती. यंत्र इतकं जुनं, की सरळ ठेवलं तर त्याला मी वाचताच यायची नाही. म्हणून ते पालथं घालत. ओरखडे पडले की मला टूथपेस्ट चोळत. सहा वर्षं मी अशी उलटी गरगरले. रोज शंभर-दीडशे वेळा म्हातारी मारली. तिची कधी तक्रार नाही. पुढच्या डावाला टोपली घेऊन पुन्हा गल्लीच्या तोंडाशी हजर. माणसांना कंटाळा कसा येत नाही, याचंच मला नवल वाटायचं.

सगळ्यांत मोठा आवाज सुकीरचा. तो वाळूच्या खाणीवर पाट्या उचलायचा आणि जेवणाच्या सुट्टीत इथे येऊन बसायचा. "उडाली! पाचशे!" तोंडात शेवया असल्या तरी ओरडायचा.

बूंचा मुलगा पार्जो आधी वाळूचा ट्रक चालवायचा. दोन वर्षांपूर्वी धुक्यात त्याच्या ट्रकखाली एक म्हातारी आली. त्याची चूक नाही, असं पोलिसांनी लिहिलं. म्हातारीच्या मुलीनेही माफ केलं. तो तांदळाचं पोतं घेऊन तिच्या घरी गेला, सातव्या दिवसाच्या प्रार्थनेला मान खाली घालून बसला, आणि त्यानंतर स्टिअरिंगला हात लावेनासा झाला. बूंनी त्याला दुकानात बसवलं, कुणाचा तास संपला ते बघायला. ही गोष्ट वस्तीत सगळ्यांना ठाऊक होती. पण माझ्यातल्या म्हातारीशी तिचा संबंध कुणी जोडला नाही. मीही नाही.

मग पार्जोशी लग्न होऊन वुर्यानी आली. बोलायची कमी. ऐकायची मात्र सगळं, कुणी न बोललेलंसुद्धा. दीड महिना झाला आणि एके दिवशी भिंतीपलीकडून मला पार्जोचा आवाज आला.

"कालिमंतानला जातो म्हणतोय. समुद्रापलीकडे. तेलताडाच्या मळ्यावर दोन वर्षांचा करार आहे."

"अजून माझ्या नखांवरची मेंदी गेली नाही, मस." आमच्याकडे नवऱ्याला मस, म्हणजे दादाच म्हणतात.

"इथे नाही गं राहवत."

"माझ्यापाशी?"

"तुझ्यापाशी नाही. इथे." एवढं बोलून तो जास्वंदीला पाणी घालायला निघून गेला.

वुर्यानीने त्याला अडवलं नाही, रडलीही नाही. दुसऱ्या दिवशी शेंगा सोलायला म्हणून पुढच्या खोलीत येऊन बसली. फुटबॉलचा खेळ चालू असेपर्यंत पार्जो जागेवर होता. सुकीरने मला लावलं आणि पार्जोने पाण्याचा डबा उचलला. त्या जास्वंदीला दिवसातून सात-आठ वेळा पाणी मिळत होतं. बिचारी कुजायला आली होती. वुर्यानीने दाराकडे पाहिलं, मग टीव्हीकडे. नेमकी तेव्हाच म्हातारी गल्लीतून निघाली.

"उडाली!" सुकीर ओरडला.

वुर्यानीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

आता सासूला सांगणार काय? तुमच्या दुकानातल्या खेळापायी तुमचा मुलगा घर सोडतोय? असं तोंडावर बोलायची त्या घरात रीत नव्हती, आणि पार्जोने तर स्वतः एक अक्षर काढलं नव्हतं. पुढच्या दुपारी भात वाढता वाढता ती म्हणाली, "बू, मला या महिन्यात उशीर झालाय."

उशीर चार दिवसांचा होता. तेवढं तिने सांगितलं नाही.

बूंच्या हातातला डाव खाली आला. सुनेच्या पोटावर हात थोपटत त्यांनी वाईट टळो म्हणून घेतलं आणि लगेच कामाला लागल्या. "पार्जो, आजपासून मासा पकडायचा नाही. कोंबडी कापायला शेजाऱ्याला बोलवायचं. पाल दिसली तरी हाकलायचीसुद्धा नाही. बाप मारतो ते बाळाला लागतं, कळलं?"

वुर्यानीने खाली बघूनच विचारलं, "मग बू, पुढच्या खोलीत दिवसभर माणसं मरतात, ती चालतात?"

"ती टीव्हीतली गं पोरी."

"हो. घर मात्र आपलं."

बूंनी भातावर झाकण घातलं. मग तरातरा पुढे आल्या आणि ऐन शर्यतीत त्यांनी मला यंत्रातून उपसून काढलं.

"अहो बू! माझी वीस मिनिटं राहिलीत!"

"तुझी वीस मिनिटं माझ्या नातवापेक्षा मोठी का रे, सुकीर? फुटबॉल खेळ."

"फुटबॉलमध्ये मी हरतो!"

"मग हर."

पार्जो एव्हाना बाहेर डबा धरून उभा होता. आतून लाथा-शिट्ट्यांचाच आवाज येतोय, हे ऐकत राहिला. मग डबा ठेवून आत येऊन बसला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तो बायकोला म्हणाला, "तुला कसं कळलं?"

"जास्वंदीने सांगितलं."

तो हसला नाही. म्हणाला, "तीही डावीकडूनच आली होती. टोपलीत तेंपे होते, सोयाबीनच्या वड्या. सगळीकडे पडले होते. मी गोळा करत बसलो, वुर. ती तिथे पडलेली, आणि मी वड्या गोळा करतोय." तिने त्याच्या हातावर हात ठेवला. मी कपाटावर पडून होते, आणि मला पहिल्यांदाच त्या म्हातारीची टोपली जड वाटली.

पुढच्या आठवड्यात वुर्यानीची पाळी आली. ती चोरून कपडे धूत असताना बू मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी दोरीवरचं सगळं पाहिलं.

"मग, बू... ती सीडी परत लावायची?"

"नियम एकदा लागला की लागला," बू म्हणाल्या आणि चिमटे पुढे केले. त्यांना खरं कारण कधी कळलं होतं कोण जाणे!

कालिमंतानचा कागद चुलीत गेला. पार्जोने मला कपाटावरून काढलं आणि दोघं नवराबायको चालत एका घरी गेली. मेलेल्या म्हातारीची मुलगी, लासियेम, तिथे राहते. तीही तेंपे विकते. दिवस उजाडायच्या आत सायकलवरून बाजाराला निघते. सायकलला दिवा नाही.

"ही गाण्याची का?" मला हातात घेऊन तिने विचारलं.

पार्जोने खिशातून तार काढली. वुर्यानी म्हणाली, "खेळाची होती. आता नाही."

माझ्या मधोमध भोक आयतंच होतं. पार्जोने त्यातून तार ओवली आणि मला तिच्या सायकलवरच्या टोपलीच्या मागे घट्ट बांधलं. दोनदा ओढून पाहिलं.

तेव्हापासून मी इथे आहे. पेनाचं नाव पावसाने धुऊन गेलंय. धुक्यात मागून वाळूचे ट्रक येतात, दिव्याचा झोत माझ्यावर पडतो आणि मी चमकते. ट्रक दबकतो, जरा कडेने जातो. कुणालाच गुण मिळत नाहीत.

तेव्हा गाडीवाल्या बाबांनो, समोर काही लुकलुकलं तर पाय जरा उचला. मी फार दमले आहे, पण टोपली भरलेली आहे आणि बाजार अजून लांब आहे.