अकरा हजार उल्लेखांचे थेंब

दर्यापूरच्या मंगल कार्यालयात त्या रविवारी लग्न नव्हतं, तरी बसायला जागा नव्हती. मंचावर डॉक्टर हेमकांत, शेजारी त्यांचे मेहुणे, आणि मागच्या पडद्यावर दोनच आकडे : शोधनिबंध ३१२, उल्लेख ११,०४७. आकडे दिसले की टाळ्या पडत. मीही वाजवल्या. पण बाभळीच्या खोडावर बसून पूर्णा नदी ओलांडल्याची थाप मारताना माझा आवाज जसा गोड होतो, तसाच डॉक्टरांचा झाला, आणि मी कान टवकारले.

"उल्लेख म्हणजे काय? एका शास्त्रज्ञाचं काम दुसरा आपल्या लेखात सांगतो. माझं काम अकरा हजार वेळा सांगितलं गेलं. मी बोलत नाही, बंधूंनो, जग बोलतं." मग त्यांनी हिरवी बाटली उंचावली. फवारणीला निघण्याआधी जिभेवर पाच थेंब घ्यायचे; विष अंगात चढत नाही. तोंडाला फडकं नको, हातमोजे नकोत. "आतून घातलेला रेनकोट समजा."

ते साल असं होतं, की कपाशी फवारता फवारता माणसं दवाखान्यात भरती होत होती. आमच्या गल्लीतला धर्मपाल मजुरीनं फवारायला जाई. मागच्याच आठवड्यात तो ओकून ओकून आडवा झाला होता. त्याच्या हातात आता दोन बाटल्या होत्या.

"दुपारी महादेवरावाच्या वावरात जातो," तो म्हणाला. "उघड्या तोंडानं. गरमीत फडकं सहन होत नाही."

"तुमचे डोये अजून लाल हायेत," त्याची बायको कौशल्या म्हणाली.

"अकरा हजार लोक खोटं बोलून राहिले का?"

"मले तं एकच मानूस बोलताना दिसून राहिला," मी म्हणालो.

"बाबा, तुमी तं बोलूच नका. तुमी बाभयीवर बसून नदी पार केली."

डॉक्टरांनी आदल्या दिवशी आपल्या निबंधांची छापील यादी वाटली होती. लोकांनी ती देवाजवळ ठेवली, अनीसाबाईंनी वाचली. त्या इथल्या शाळेत विज्ञान शिकवत. त्या उभ्या राहिल्या.

"डॉक्टरसाहेब, मी मोबाइलवर तुमचे दोनशे उल्लेख उघडून पाहिले. करणारे चारच जण. तुम्ही, हे तुमचे मेहुणे, आणि अजून दोघं. निबंध छापणारं मासिक तुमचंच, अकोल्यातला त्याचा पत्ताही तुमच्याच घराचा. चौघं दर वेळी एकमेकांचे सगळे निबंध सांगता. दोनशेंत बाहेरचा माणूस एक नाही."

डॉक्टर हसले. "ताई, ही उच्च विज्ञानाची पद्धत आहे."

"थांबा जराशा," कौशल्या म्हणाली. "हे तं आहेराच्या ब्लाऊजपीससारखं झालं. मी तो ललिताले देतो, ललिता बेबीताईले देते, बेबीताई मले. वीस लग्नं झाली, वीस आहेर झाले. शिवला एकीनंबी नाही."

आधी बायका हसल्या, मग पुरुष.

"आणि थेंबांवरचा निबंध एकच आहे," अनीसाबाई म्हणाल्या. "बारा उंदरांना थेंब दिले, बाराही जगले. पण त्यांना फवारणीचं विष दिल्याचं कुठंच लिहिलेलं नाही."

डॉक्टर पाणी प्यायले.

"देल्लं का नाही?" आता धर्मपालच उठला.

"म्हणजे, पहिल्या टप्प्यात, सुरक्षिततेच्या दृष्टीनं..."

"नाही देल्लं," धर्मपाल म्हणाला. "मंग मी तेरावा उंदीर. अन् इष पयले मलेच भेटनार."

त्यानं दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या. मेहुणे पडदा गुंडाळायला लागले. मागच्या रांगेत बसलेल्या महादेवरावाला धर्मपालनं तिथंच सांगितलं, "मास्क, चष्मा, हातमोजे आना. नाही तं पंप तुमी पाठीवर घ्या." महादेवराव कुरकुरला, पण घेऊन आला. फवारणी दुसऱ्या दिवशी सकाळच्या थंडाव्यात झाली, वारा पाठीशी घेऊन. धर्मपाल घरी परतला तो स्वतःच्या पायांनी, आणि दोन भाकरी जेवला.

खऱ्या शास्त्रज्ञाचं काम अनोळखी माणसं तपासतात, त्यात चुका काढतात, आणि टिकलं तर त्याचं नाव घेतात. असा एक उल्लेखही मोलाचा. म्हणून पडद्यावर केवढाही आकडा दिसो, टाळी वाजवण्याआधी विचारा : कुणी तपासलं, आणि कसं? उत्तराऐवजी जो नुसता हसतो, त्याच्या हातून पाण्याचाही थेंब घेऊ नका.