माझा तळ शाबूत राहिला

वाचकहो, मी अक्रोडाच्या लाकडाचा एक खोलगट ट्रे बोलतो आहे. मला प्रथमच हाती घेणारा माणूस दचकतो आणि उलटा करून पाहतो, इतका माझा तळ पातळ आहे. ही करामत मात्र कोणा एका कारागिराची नव्हे. नवरा-बायकोच्या अबोल्याने मला असे घडवले.

माझा जन्म एका सुताराच्या घराला लागून असलेल्या कारखान्यात झाला. त्या घरात सुताराची वृद्ध आई अंथरुणाला खिळलेली होती. तिच्या हातांना कंप सुटला होता, पण करारीपणा तसूभरही ढळला नव्हता. दुसऱ्याच्या हातून घास घ्यायचा नाही, हा तिचा बाणा. सपाट ट्रेवरची वाटी तिच्या हाताच्या धक्क्याने घसरे, सूप पांघरुणावर सांडे आणि मग "मला भूकच नाही" असे म्हणून ती भिंतीकडे तोंड फिरवी. बाई दिवसेंदिवस वाळत चालली होती.

सुताराने एक खोलगट ट्रे करून दिला. वाटी त्यात बसली खरी, पण म्हातारी कडाडली, "हा ट्रे आहे की दरवाजा? मांडीवर घेतला की पाय बधिर होतात माझे!"

तेव्हा जपून ठेवलेली अक्रोडाची शेवटची फळी, म्हणजे मी, यंत्रावर आलो.

ट्रेला खोलगटपणा कसा येतो, ते सांगतो. गोल करवतीच्या टेबलावर एक पट्टी तिरपी आवळून बसवतात. तिच्या कडेने फळी ढकलली की पाते तिला चिरत नाही, तिच्या पोटातून खरवडत जाते. प्रत्येक फेरीला पाते जरासे वर चढवायचे. या घरात कामाची वाटणी ठरलेली होती. सुताराने ठोकळ्यांनी दाबून फळी ढकलायची, त्याच्या बायकोने चाक फिरवून पाते चढवायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "चढवलं!" तो शब्द कानी पडल्यावाचून सुतार पुढची फेरी घेत नसे.

त्या दिवशी तो शब्दच नव्हता. आदल्या संध्याकाळी सुतार आपल्या बहिणीपुढे बोलून गेला होता, "हिचं काय, नुसता काचकागद घासायचा. ते कोणीही करील." तेव्हापासून बायकोने तोंडाला कुलूप लावले होते. काम चालू होते, पण "चढवलं" ऐवजी नुसती मान हलत होती.

शेवटची फेरी उरली होती. तोच आतून हाक आली, "सूनबाई, अगं पाणी!" बायकोने चाक फिरवले आणि ती तशीच आत गेली. भुसा झटकत असलेल्या सुताराला दिसली ती फक्त तिची पाठ. "गेली फणकाऱ्याने! राहू दे, मीच चढवतो," असे पुटपुटत त्याने वाकून चाक पुन्हा फिरवले.

पात्याने माझ्या पोटाचा असा लचका तोडला की मी जागच्या जागी उसळलो. यंत्र घोगरे ओरडले. सुताराने कसेबसे मला दाबून धरले आणि गुडघ्याने बटण बंद केले.

बायको धावत आली. "बोटं! आधी बोटं दाखवा!"

"आहेत गं सगळी. ठोकळे होते म्हणून वाचली. तू चाक फिरवलं होतंस?"

"मग काय शोभेला उभी होते तिथे?"

"सांगायचं तरी!"

"सांगायला बोलावं लागतं."

मग मला उचलून दोघांनी बोटाने टिचकी मारली. आवाज पत्र्यासारखा आला. दुसरी फळी नव्हती. पात्याचे ओरखडे तर काढायलाच हवे होते, आणि हात जरासा जड पडला असता तर माझ्या पोटाला भोक पडले असते.

सुताराने काचकागद उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "हे तूच कर. माझ्या हाताला हे जमायचं नाही. काल मी भलतंच बोललो."

"बहिणीपुढे बोललात ना? मग हेही बहिणीपुढेच बोला," ती म्हणाली आणि कामाला बसली.

ती डोळे मिटून घासत होती. एका हातात कागद, दुसऱ्या हाताची बोटे माझ्या पाठीला लावलेली. तळ जरा लवला की ती थांबे आणि जागा बदली. सुतार शेजारी श्वास रोखून बसला होता. अखेर तिने कागद बाजूला ठेवला तेव्हा मी अखंड होतो. मग सुताराने माझ्या दोन्ही उघड्या टोकांना आडव्या पट्ट्या चिकटवल्या आणि तिने तेल लावले. ते चांगले मुरू दिल्यावरच त्यांनी मला आत नेले.

म्हातारीने मला स्वतःच उचलून मांडीवर घेतले. मी तिला जड झालो नाही. तिचा हात थरथरला, सुपाची वाटी माझ्या पोटात डुलली आणि पुन्हा जागेवर आली. एक चमचा, दुसरा, तिसरा. वाटी रिकामी झाली तेव्हा म्हातारीने ओठ पुसले.

"सूनबाई, मीठ कमी होतं."

सून हसत सुटली आणि पदराने डोळे टिपू लागली. कितीतरी दिवसांनी या खोलीत कोणीतरी पोटभर जेवून जेवणाला नावे ठेवली होती.

आजही मी त्याच मांडीवर असतो. माझी एवढीच विनंती आहे: मला पाण्यात भिजत टाकू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि रुसायचे असेल तर खुशाल रुसा, पण फिरत्या पात्यापाशी एक शब्द तरी बोलत जा. आता मला निरोप द्या. वाटी भरून आली आहे आणि आतून म्हातारीची हाक येते आहे.