चिंतेची राख

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर केशगुरू एकेकाच्या डोक्याला लेप चोळत, त्याला पंख्यासमोर बसवत आणि लेप वाळला की काळ्या कापडावर त्याचे केस विंचरत. पांढऱ्या पापुद्र्यांचा ढीग पडे. लोक हात जोडत.

“हा कोंडा नव्हे,” केशगुरू सांगत, “ही डोक्यात जळलेल्या चिंतांची राख आहे. शाम्पूनं कधी चिंता धुतल्या जातात का?”

मागे बसलेल्या डॉक्टरीणबाईंना हसूही येईना. दिवसभर दवाखान्यात लोकांची त्वचा तपासून जीव आंबला होता, आणि आता हे. आल्या होत्या त्या भाचीपायी. पोरगी अत्तराच्या दुकानात काउंटरवर होती. तिथला गणवेश काळा. दुकान उघडण्याआधी सगळ्या जणी एकमेकींचे खांदे ब्रशनं झाडत. हिचे मात्र थोड्या वेळात पुन्हा पांढरे. आता दिसलं तर गोदामात पाठवीन, असं मालकिणीनं बजावलं होतं. मावशीनं दिलेल्या औषधी शाम्पूनं गुण आला, तसा हिनं तो सोडला. कोंडा परतला आणि ही केशगुरूंच्या नादी लागली. जितकी राख पडेल तितकं डोकं साफ, हा हिचा हिशोब. रोज लेप खरवडून टाळू लालभडक झाली होती, ठिकठिकाणी पाणी सुटलं होतं.

भाचीनं घरी आणलेला लेप बाईंनी कालच बोटावर वाळवून पाहिला होता. त्यामुळे भाचीचा नंबर पुकारला तेव्हा त्या स्वतःच मंचावर गेल्या. रिकाम्या खुर्चीच्या प्लास्टिकच्या पाठीला त्यांनी केशगुरूंच्या वाटीतला लेप फासला आणि खुर्ची पंख्यासमोर ओढली. केशगुरू आधी गोंधळले, मग चिडले, मग श्रद्धेवर बोलू लागले. त्यांचं बोलणं आटपेपर्यंत लेप वाळला. बाईंनी कंगवा फिरवला. तसाच ढीग पडला.

“या खुर्चीला कसली चिंता होती, महाराज?”

बाईंनी थकल्या आवाजात सांगितलं की ही डिंक घातलेली खळ आहे, कशावरही वाळली की तिचे पापुद्रे सुटतात. खरा कोंडा वेगळा. प्रत्येकाच्या टाळूवर एक सूक्ष्म बुरशी असते, ती टाळूच्या तेलावर जगते. काहींच्या त्वचेला ती सोसत नाही आणि कातडी भराभर सुटते. त्यात पाप नाही, घाणही नाही.

“इतकी माणसं बसली त्या खुर्चीवर,” पुढच्या रांगेतले एक काका म्हणाले, “त्यांच्याच चिंता मुरल्या असतील.”

बऱ्याच माना डोलल्या. बाई खाली उतरल्या. किती जणांशी डोकं लावणार?

भाची रडवेली झाली होती. “ते म्हणाले होते, कायमचा जाईल. तू सांगशील का तसं?”

“नाही सांगणार. आटोक्यात राहील. आधी टाळूवरच्या जखमा भरू देत. मग आठवड्यातून दोनदा औषध, फेस पाच मिनिटं डोक्यावर ठेवायचा. बरं वाटलं तरी मधूनमधून लावत राहायचं.”

“आणि मालकीणबाई?”

“उद्या मी येते तुझ्याबरोबर. समजावते. ऐकतीलच असं नाही.”

खरं औषध असंच कंटाळवाणं असतं, आणि ते देणारा माणूस मोठी वचनं देत नाही. वचन गोड लागलं म्हणून ते खरं ठरत नाही. करून पाहा, विचारा, मगच डोकं पुढे करा.

मंचावरून भाचीचा नंबर पुन्हा पुकारला गेला. ती जागची उठली आणि मावशीचा हात धरून दाराकडे निघाली.